आधी ताडपत्रीची गाठ, मग अल्लाहवर भरोसा

धंद्यात अडचण आली की आपल्या समाजात दोन शब्द सर्वांत जास्त ऐकू येतात. एक तवक्कुल, म्हणजे अल्लाहवर भरोसा, आणि दुसरा सब्र. दोन्ही शब्द मोठे आहेत. परंतु त्यांचा अर्थ आपण जसा घेतो तसा तो आहे काय, हे या लेखात पाहावयाचे आहे. आम्ही आलिम नाही. सूत आणि कापड यांच्या धंद्यात पस्तीस वर्षे घालवलेला एक साधा व्यापारी एवढीच आमची ओळख. म्हणून मसल्याची गोष्ट आलिमांवर सोपवून आम्ही फक्त बाजारातली गोष्ट सांगणार आहोत.

आमचे शिक्षण भिवंडीत उर्दू शाळेत झाले, आणि आमचे छोटेसे गोदाम घोडबंदर रोडवर चेणे येथे आहे. ज्यांना हे गाव ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीतले हे गाव. त्याच्या एका अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आणि दुसऱ्या अंगाला वसईची खाडी आहे. पुढे गायमुखचा घाट लागतो आणि त्यानंतर ठाणे. सुरतेकडून येणारे सूत, भिवंडीच्या मागांवर विणले जाणारे कोरे कापड आणि मुंबईची पेठ, या तिन्हींच्या मधली ही जागा. म्हणून आम्ही येथे गोदाम घेतले.

एका रात्रीचा धडा

जून २०१८ मधली गोष्ट आहे. रमजान चालू होता आणि ईदला आठ-दहा दिवस उरले होते. एका गिऱ्हाईकाला पांढऱ्या सुती कापडाची शेवटची फेरी पाठवायची होती. साठ ताके टेम्पोत भरले. आभाळ भरून आले होते. पोरगा ताडपत्री घेऊन वर चढला, तेव्हा आम्हीच त्याला म्हणालो, "राहू दे, इफ्तारची वेळ झाली आहे. अर्ध्या तासाचा रस्ता, अल्लाह मालिक आहे." ताडपत्री नुसती वर टाकली, दोरी बांधली नाही.

टेम्पो चेण्याहून निघाला आणि गायमुखच्या अलीकडे अडकला. घाटात एक अवजड गाडी बंद पडली होती. घोडबंदर रोडने ये-जा करणाऱ्यांना हे नवीन नाही. अर्ध्या तासाच्या रस्त्याला चार तास लागले आणि त्यात पावसाची मोठी सर आली. वाऱ्याने ताडपत्री उडाली. साठापैकी चाळीस ताके भिजले आणि त्यांना गाडीतल्या जुन्या रंगाचे डाग पडले.

त्या रात्री आमच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "नशीब". घरी गेलो, तरावीह पढलो आणि निजताना प्रेषित मुहम्मद (स.) यांची उंटाची हदीस आठवली. एका माणसाने विचारले होते की उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरोसा ठेवू की बांधून ठेवू? आधी बांध आणि मग भरोसा ठेव, असे त्याला सांगण्यात आले. ही हदीस आम्ही शाळेत शिकलो होतो आणि दहा जणांना ऐकवलीही होती. तरीही हातातली दोरी बांधली नव्हती. तेव्हा मनाशी कबूल केले की हे नशीब नव्हते, हा आमचा आळस होता आणि त्याला आम्ही अल्लाहचे नाव दिले होते.

तवक्कुल म्हणजे बसून राहणे नव्हे

या विषयात आपल्यापुढे सर्वांत मोठा नमुना हिजरतीचा आहे. प्रेषित (स.) यांच्याहून अधिक भरोसा कोणाचा असणार? तरीही मक्का सोडताना केवढा बंदोबस्त होता, ते पाहा. मदीना उत्तरेला, पण आधी दक्षिणेकडच्या सौर पर्वतातल्या गुहेत मुक्काम केला. तेथे तीन रात्री काढल्या. शहरातली खबर आणण्यासाठी आदरणीय अबूबकर (रजि.) यांचा मुलगा ठेवला. पावलांच्या खुणा पुसाव्यात म्हणून त्या वाटेने शेळ्या नेल्या. वाट दाखविण्यासाठी एक जाणकार वाटाड्या मजुरीवर घेतला आणि तो मुसलमानही नव्हता. इतके सगळे झाल्यावर, शोध घेणारे गुहेच्या तोंडाशी आले तेव्हा जे करण्यासारखे काही उरले नव्हते, तेथे भरोसा कामास आला. म्हणजे क्रम असा की आपल्या हातातले सगळे आधी करावयाचे आणि हाताबाहेरचे अल्लाहच्या हवाली करावयाचे. हा क्रम उलटा केला की तवक्कुल उरत नाही.

दुसरा नमुना तर आपल्या पेठेतलाच आहे. आदरणीय अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) मदीनेला आले ते रिकाम्या हाताने. त्यांचे अन्सारी भाऊ साद बिन रबी (रजि.) आपली निम्मी मालमत्ता द्यायला तयार होते. त्यांनी दुआ दिली आणि बाजार कोठे आहे एवढेच विचारले. तेथे पनीर आणि तूप यांच्या व्यवहारापासून सुरुवात केली आणि पुढे ते मदीनेच्या मोठ्या श्रीमंतांत गणले गेले. निम्मी मालमत्ता घेतली असती तरी कोणी नाव ठेवले नसते. पण रोजी देणारा अल्लाह आहे यावर पक्का विश्वास होता, म्हणूनच त्यांनी बाजाराची वाट विचारली.

भिवंडीने शिकवलेले

दूर कशाला, आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या भिवंडीचेच उदाहरण घ्या. उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमिन विणकरांनी या गावात हातमाग आणले, त्यांच्या जागी पुढे यंत्रमाग आले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. गिरण्या थांबल्या आणि कापडाचे पुष्कळ काम भिवंडी व मालेगावच्या मागांकडे आले. पण तेच गाव दोन वेळा जळलेही. मे १९७० मध्ये दंगल झाली, तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन यांचा आयोग नेमला गेला. पुन्हा मे १९८४ मध्ये दंगल झाली. त्या वेळी आमचे वय चौदा होते. जळलेल्या कारखान्यात मागांचे काळे सांगाडे उभे होते आणि एक कारखानदार राखेतून लोखंडाचे सुटे भाग वेचून पोत्यात भरत होता, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. तो रडत नव्हता असे नाही. पण रडता रडता वेचत होता.

या गोष्टीचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. १९८८ मध्ये सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. त्यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या सुरू केल्या. हिंदू, मुसलमान आणि पोलीस यांना नियमाने एकत्र बसवले. किरकोळ भांडणे तेथल्या तेथे मिटू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. मशिदीत आणि मंदिरात शांततेसाठी दुआ-प्रार्थना झाल्याच असतील. पण चार वर्षे कंटाळा न करता सतरंजीवर एकत्र बसलेली माणसे, ही त्या गावाची बांधलेली दोरी होती. आपला धंदाही असाच वाचतो, संकटाच्या दिवशी केलेल्या धावपळीपेक्षा आधीच्या साध्या दिवसांत केलेल्या कामामुळे.

तीन तडाखे

अलीकडच्या काळात आमच्या व्यवसायाने तीन तडाखे पाहिले. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या. मागावरच्या कामगाराचा पगार रोखीत होत असे, तो अडला. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. सुरतेच्या कापड व्यापाऱ्यांनी त्या महिन्यात बंद पाळला. कृत्रिम धाग्याच्या सुतावर आधी १८ टक्के कर होता, तो ऑक्टोबर २०१७ मध्ये १२ टक्के झाला. कापडावर मात्र ५ टक्के. म्हणजे सुतावर जादा भरलेला कर अडकून राहत असे आणि परत मिळत नसे. परताव्याची सोय १ ऑगस्ट २०१८ पासून झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्या सुतावरही ५ टक्केच कर आहे.

येथे एक बोध आहे. पहिल्याच महिन्यात आमच्या ओळखीचे काही जण म्हणाले की हा कर टिकणार नाही, अल्लाह काही तरी मार्ग काढील. त्यांनी वह्या बदलल्या नाहीत. दुसऱ्या काही जणांनी संध्याकाळी नातवाला शेजारी बसवून संगणक शिकून घेतला. अल्लाहने मार्ग काढला तो दोघांसाठीही, कारण परतावा सुरू झाला. पण ज्याच्याजवळ हिशेबाचे कागद होते त्यालाच तो घेता आला.

तिसरा तडाखा सर्वांत मोठा होता. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली. भिवंडीतल्या लाखो मागांचा खडखडाट एका दिवसात थांबला. ज्यांनी त्या गावात रात्र काढली आहे त्यांनाच त्या शांततेची भीती कळेल. बिसीवाल्यांनी काही दिवस कामगारांना उधारीवर जेवू घातले, मग त्यांचाही किराणा संपला. माणसे नाशिक रस्त्याने पायी निघाली. मेच्या सुरुवातीला भिवंडीहून गोरखपूरकडे श्रमिक गाडी गेली.

सब्र कोणाला सांगावयाचा?

आता आमची स्वतःची गोष्ट सांगावी लागेल, कारण या लेखाचा खरा मुद्दा तोच आहे. टाळेबंदी लागली तेव्हा अकरा कारखानदारांची विणकामाची मजुरी आमच्याकडे येणे होती. सूत आमचे, माग त्यांचे, आणि पिकाच्या दराने मजुरी, असा आमचा व्यवहार. दुसरीकडे आमची मोठी रक्कम मुंबईच्या एका पेढीकडे अडकली होती. ती पेढी फोन उचलत नव्हती आणि उचलला तर म्हणत असे, "शेठ, सब्र करा, सगळ्यांचेच बंद आहे."

एप्रिलमध्ये अकरांपैकी एका कारखानदाराचा फोन आला. वयाने आमच्याहून मोठे, चोवीस मागांचे मालक. ते म्हणाले, "भाईजान, रोजे चालू आहेत, दहा कामगार कारखान्यातच आहेत. काही तरी द्या." आमच्या तोंडी शब्द आला, "चाचा, सब्र करा." आणि तो शब्द उच्चारताच आम्हाला त्या मुंबईच्या पेढीचा आवाज स्वतःच्या गळ्यातून ऐकू आला.

बंधूंनो, सब्र हा स्वतःला सांगावयाचा शब्द आहे. ज्याचे आपण देणे लागतो त्याला सब्र सांगणे हा सब्र नव्हे, ती टाळाटाळ आहे. ऐपत असूनही देणे लांबविण्याला हदीसमध्ये जुलूम म्हटले आहे. उलट, ज्याच्याकडून आपले येणे आहे तो खरोखर अडचणीत असेल तर त्याला सवड द्या, असा कुरआनचा आदेश आहे. म्हणजे घेताना सवड आणि देताना घाई. आपण बाजारात नेमके उलट करतो.

त्या रात्री आम्ही चोपडी उघडली. गोदामात कोरे सुती ताके पडून होते. ईदसाठी चांगला भाव येईल म्हणून राखलेले. ईदचा बाजार होणार नाही हे मनाला पटत नव्हते, ते पटवून घेतले. मुखपट्ट्या शिवणाऱ्यांना सुती कापड हवे होते. परवानगीचा कागद करून तोट्यात माल विकला. आलेल्या पैशाचे अकरा भाग केले, ज्याचे जेवढे येणे त्या प्रमाणात. रक्कम थोडी होती. पण दर शनिवारी प्रत्येकाला फोन करून "या आठवड्यात इतके आहेत" किंवा "या आठवड्यात काही नाही" असे स्पष्ट सांगत गेलो. सर्व देणे फिटायला चौदा महिने लागले. त्या काळात घरातला एक दागिना विकावा लागला, आणि तो आमच्या पत्नीने आपणहून काढून दिला.

मुंबईच्या पेढीचे काय झाले? त्यांच्याकडून निम्मी रक्कम आली, निम्मी अजून आलेली नाही. प्रत्येक गोष्टीचा शेवट गोड होतो असे सांगून आम्ही वाचकांना फसवणार नाही. तवक्कुल म्हणजे पैसे परत येण्याची हमी नव्हे. निकाल काहीही लागला तरी आपण हलालच्या वाटेवरून खाली उतरणार नाही आणि उद्या सकाळी दुकानाचे कुलूप उघडणार, एवढेच त्याच्यात आपल्या हाती असते. परंतु इतके नक्की सांगतो की टाळेबंदी उठल्यावर कामगार थोडे आणि काम जास्त अशी ओढाताण झाली, तेव्हा त्या अकरांपैकी नऊ जणांनी आपले माग आधी आमच्या सुताला दिले.

भिजलेले ताके

वरच्या चाळीस ताक्यांचे पुढे काय झाले, तेही सांगतो. गिऱ्हाईकाला त्याच रात्री फोन करून खरे सांगितले, म्हणजे त्याला दुसरीकडून माल घेता यावा. तो रागावला, आणि त्याचे रागावणे योग्य होते. कापड धुऊन घेतले. डाग फिके झाले, पण गेले नाहीत. एक दलाल म्हणाला, "घडी उलटी घाला, कोणाला दिसणार नाही." इमाम अबू हनीफा (रह.) हे कुफ्यात रेशमी कापडाचे व्यापारी होते. एका कापडात दोष होता. भागीदाराने दोष न सांगता ते विकले, तेव्हा त्यांनी त्या विक्रीची रक्कम खैरात करून टाकली. एवढी आमची योग्यता नाही. आम्ही फक्त प्रत्येक ताक्यावर डागाची चिठ्ठी लावली आणि कमी भावात विकला. अडचणीच्या वेळी खोटे बोलण्याचा मोह होतो, कारण तेव्हा त्याला मजबुरी हे नाव देता येते. सब्राची परीक्षा खरी तेथेच असते.

दोरी कशी बांधावी?

आता कामाच्या चार गोष्टी सांगतो. नवीन धंद्यात पडलेल्या तरुणांनी त्या लिहून ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, उधारी लेखी करा. कुरआनची सर्वांत लांब आयत कर्ज लिहून ठेवण्याविषयी आहे. त्यात मुदत, लिहिणारा आणि साक्षीदार हे सगळे सांगितले आहे. "आपल्याच माणसाशी कागद कशाला" असे म्हणणारा माणूस भरोशाचा नव्हे, भांडणाचा पाया घालतो.

दुसरी गोष्ट, कायद्याने दिलेला हक्क माहीत असू द्या. मागांचे छोटे कारखानदार उद्यम नोंदणी करून घेतील तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याचा आधार त्यांना मिळतो. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत खरेदीदाराने पैसे द्यावयाचे असतात. उशीर झाल्यास सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. कायद्यात उशिराबद्दल व्याजही आहे. ते घ्यावे की नाही हे आपल्या आलिमांना विचारा. पण मुद्दल मागणे हा आपला हक्क आहे. यात लाजण्यासारखे काही नाही. आमच्यासारख्या निव्वळ व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही. म्हणून आम्हाला कागद आणखी पक्का ठेवावा लागतो.

तिसरी गोष्ट, एकाच गिऱ्हाईकावर सगळा भार टाकू नका. आदरणीय यूसुफ (अलै.) यांनी सुकाळाच्या सात वर्षांत दुष्काळाच्या सात वर्षांचे धान्य साठविले. आपण निदान तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवू शकतो. चांगल्या हंगामात गाडी बदलण्याआधी हे करा.

चौथी गोष्ट, अडचण आली की फोन बंद करू नका. देणेकऱ्याचा पैसा थकतो त्यापेक्षा त्याचे तोंड लपवणे बाजाराला जास्त खटकते. आज देता येत नसेल तर आज देता येत नाही हे सांगा आणि केव्हा देणार तेही सांगा.

या चार गोष्टी करून झाल्या, तरीही पाऊस येईल, घाट अडेल, सरकार कर बदलील, गिऱ्हाईक बुडेल. तेव्हा मुसल्ल्यावर बसा आणि रडावेसे वाटले तर रडा. हदीसमध्ये पाखराचे उदाहरण आहे. ते सकाळी रिकाम्या पोटी निघते आणि संध्याकाळी भरल्या पोटी परतते. त्याचा भरोसा आपल्यासाठी नमुना आहे. फक्त एवढे ध्यानात ठेवा की ते पाखरू सकाळी घरटे सोडून निघालेले असते.

आजही चेण्याच्या गोदामातून गाडी निघते तेव्हा आम्ही स्वतः खाली उभे राहतो. ताडपत्रीची दोरी एकदा ओढून पाहतो, मग बिस्मिल्लाह म्हणतो आणि ड्रायव्हरला हात दाखवतो. उन्हाळा असला तरीही. पोरे हसतात, तर हसू द्यावे. अल्लाह आपणा सर्वांना हलाल रोजी, बांधण्यासाठी हातात बळ आणि सोडून देण्यासाठी मनात भरोसा देवो. आमीन.